पिकांचे रोग शिकायचे तर कुठे: ॲग्रीत की बॉटनीत?

सीईटीचा स्कोअर लागला की गावाकडून, म्हणजे जुन्नर तालुक्यातून, मला दरवर्षी एक-दोन फोन येतात. "पिकांच्या रोगांचं शिकायचंय. पुण्यात ॲग्रीला नंबर लागतोय, बॉटनीलाही लागतोय. काय घेऊ?" मला विचारतात, कारण मी दोन्हीकडे बसलोय. आधी दीड वर्ष ॲग्री, मग ते सोडून बीएस्सी बॉटनी. घरच्यांचं म्हणणं, हा प्रश्न विचारायला मी सोडून कुणीही चालेल.

पदवी आणि नोकरीच्या हिशेबात मी पडत नाही. कृषी अधिकारी व्हायचं डोक्यात असेल तर ॲग्रीच घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही. मी बोलतोय ते फक्त पहिल्या कोर्सबद्दल. झाडाला रोग होतो म्हणजे काय होतं, कशानं होतं आणि तो आटोक्यात कसा आणायचा, हे शिकवणारा तो एकच विषय. अभ्यासक्रमाचा कागद दोन्हीकडे जवळपास सारखाच दिसतो. १८४५ चा आयर्लंडचा करप्यानं गेलेला बटाटा, त्या रोगाचं कारण दाखवणारा शास्त्रज्ञ द बारी, बोर्डो मिश्रण, रोगाचा त्रिकोण (झाड, रोगजंतू, हवामान). फरक कागदावर कळत नाही, प्रॅक्टिकलला कळतो.

ॲग्रीतलं आधी सांगतो, कारण तिथलं काही आजही मला रोज उपयोगी पडतं. बोर्डो मिश्रणाचं प्रॅक्टिकल घ्या. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं लोक तोडून खायचे, म्हणून मळेवाले त्यांवर मोरचूद-चुना मारून ठेवायचे. १८८२ मध्ये मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की आतल्या रांगा डाऊनी (केवडा) रोगानं झडल्यात आणि कडेच्या मात्र हिरव्या आहेत. १८८५ मध्ये त्यानं मिश्रणाचं प्रमाण छापलं. आमच्याकडे हायवेच्या कडेला बाग असलेल्या कुणालाही ही गोष्ट सांगा, तो आधी चोरांबद्दल बोलेल.

हे दोन्हीकडे सांगतात. ॲग्रीत मात्र ते करायला लावतात. शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. आम्ही एक लिटरच करायचो, म्हणजे दहा-दहा ग्रॅम. दोन प्लास्टिकच्या मगात वेगवेगळं विरघळवायचं आणि तिसऱ्यात दोन्ही धारा एकदम सोडायच्या. मग सर खिशातून एक जुना चाकू काढायचे. पातं मिश्रणात बुडवून वर काढलं आणि त्यावर तांबूस थर दिसला, की "चुना कमी पडला, पान जळणार." थोडी चुन्याची निवळी घालायची, पुन्हा चाकू. पातं कोरं निघेपर्यंत कुणाची सही नाही. बॉटनीत मी बोर्डोवर पाच मार्कांची टीप लिहिली, पण मोरचुदाचा खडा काही पाहिला नाही.

शिवाय ॲग्रीवाले पिकाच्या नावानं बोलतात. तांबेरा, काणी, भुरी, करपा, मर, डाळिंबावरचा तेल्या, बाजरीचा गोसावी. पुढच्या कोर्सला रोगट पानांचे पन्नास नमुने दाबून, वाळवून, चिकटवून द्यायचे असतात. त्यासाठी रविवारी कुणाच्या तरी बांधावरून हिंडावंच लागतं. त्या हिंडण्यात डोळा तयार होतो. याबाबतीत बॉटनीनं स्पर्धेत उतरूच नये.

मग सोडलं का? खरं सांगायचं तर एका तक्त्यामुळे.

तक्ता तीन रकान्यांचा. रोग, औषध, प्रमाण. सगळ्या पिकांचे मिळून शे-सव्वाशे ओळींचा. ओरलला सर पहिल्या रकान्यावर बोट ठेवणार आणि आपण उरलेले दोन म्हणायचे, पाढ्यासारखे. माझा तक्ता सीनियरच्या वहीतून उतरवलेला, त्यानं त्याच्या सीनियरच्या वहीतून. त्यात बेनोमिल तीन ठिकाणी होतं. बेनोमिलवर आपल्याकडे ऑगस्ट २०१८ मध्येच बंदी आली होती. मी ते पाठ केलं २०१९ च्या उन्हाळ्यात. मार्कही मिळाले.

एवढ्यावर मी काही कॉलेज सोडलं नसतं. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस हटेना. दिवाळी झाली तरी चालूच. नारायणगावजवळ मामांची द्राक्षबाग, पहिल्याच बहाराची. मामांना तोवर कांदा आणि टोमॅटो कळत होता, द्राक्ष नवीन. कोवळ्या पानांवर पिवळट तेलकट डाग दिसले तसे ते दुकानात गेले. शेजाऱ्यानं सांगितलेलं औषध संपलं होतं. दुकानातूनच फोन.

"हेक्झाकोनॅझोल आहे म्हणतो हा. पाच टक्क्यांचं. चालंल का रे?"

मी डोळे मिटून तक्ता आठवला. द्राक्ष, हेक्झाकोनॅझोल, एक मिलि लिटरला. "चालेल मामा, मारा."

ओळ बरोबर होती, पण ती भुरीची. मामांच्या पानांवर होती डाऊनी, तिची ओळ वरची. मामांनी दोन दिवसांनी घडांचा फोटो पाठवला. पांढरी बुरशी घडाच्या देठापर्यंत आलेली. निम्म्याच्या वर माल गेला. मामा मला एका शब्दानं बोलले नाहीत, मामी अजून बोलतात.

पाठांतरात ओळ चुकतेच, तो दोष माझा. मला खुपलं ते वेगळंच. मी तक्ता पुन्हा पुन्हा पाहिला, तरी एका ओळीतलं औषध दुसऱ्या ओळीत का चालत नाही, हे त्यात कुठेच नव्हतं. दोन्ही रोग पानावर पांढरंच काहीतरी दाखवतात, दोन्हींना आपण बुरशी म्हणतो, दोन्ही औषधांच्या डब्यावर बुरशीनाशक लिहिलेलं. वर्गात कधीतरी सांगितलंही असेल. कदाचित मीच त्या तासाला नसेन. पण परीक्षेला ते कुणी विचारलं नाही, आणि जे विचारत नाहीत ते आमच्या होस्टेलवर कुणी वाचत नव्हतं.

बॉटनीत आलो तर कोविडमुळे पहिलं वर्ष मोबाईलवरच्या तासांतच गेलं. हा पेपर आला शेवटच्या वर्षाला, आणि सुरुवात अशी झाली की ॲग्री बरं वाटावं. गव्हाचा तांबेरा. त्याचे पाच प्रकारचे बीजाणू, त्यातले काही गव्हावर, काही बार्बेरी नावाच्या झुडपावर. बार्बेरीच्या पानाचा आडवा छेद, त्यात खालच्या बाजूला पेल्यासारखे कप, एचबी पेन्सिलनं, शेडिंग न करता. माझं चित्र तीनदा परत आलं. ते झुडूप आमच्यापैकी कुणी जन्मात पाहिलेलं नव्हतं, बाईंनीही नाही. कायमस्वरूपी स्लाइडींची एक लाकडी पेटी, फॉर्मॅलिनच्या बाटल्यांत पांढरी फटक पडलेली पानं. पिवळा डाग कुठला आणि नुसता रंग उडाला कुठे, हे ब्रह्मदेवाला कळणार नाही. गंमत म्हणजे आग्र्याच्या प्रा. करमचंद मेहतांनी केव्हाच दाखवून दिलंय, की आपल्याकडच्या गव्हाला तांबेरा लागण्यात बार्बेरीचा काही हात नाही. उन्हाळ्यात मैदानात तो मरतो, डोंगरात टिकतो आणि तिथून वाऱ्यानं पुन्हा खाली येतो. दक्षिणेतल्या गव्हासाठी निलगिरीकडून. हे बाईंनी सांगितलं, एका वाक्यात, आणि मग म्हणाल्या, "पण जर्नलमध्ये बार्बेरी लागतेच."

म्हणजे इथेही पाठांतर होतंच. मग सप्टेंबरात मी मामांच्या बागेतून डाऊनीची पानं आणली, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, एसटीतून. बाईंनी पान उलटं केलं, खालची पांढरी लव ब्रशनं थेंबभर गार पाण्यात झटकली, खोलगट स्लाइडवर घेतली आणि म्हणाल्या, "आता जर्नल बंद करा आणि चहा पिऊन या."

तासाभरानं पाहिलं तर लिंबासारख्या आकाराच्या पिशव्या रिकाम्या होत होत्या आणि त्यातून बारीक ठिपके बाहेर पडून पोहत होते. अक्षरशः पोहत, वळत, थांबत. प्रत्येकाला दोन शेपट्या, पण त्या आमच्या भिंगाला दिसत नव्हत्या, बाईंनी फळ्यावर काढून दाखवल्या. मग त्यांनी सांगितलं, की डाऊनीचा हा जीव खरी बुरशीच नाही. शेवाळांच्या भाऊबंदांतला आहे. खऱ्या बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, याच्या भिंतीत सेल्युलोज. बुरशीला पेशीच्या पडद्यासाठी एर्गोस्टेरॉल बनवावं लागतं, हा ते बनवतच नाही. हेक्झाकोनॅझोलसारखी औषधं नेमकं ते बनवणंच बंद पाडतात.

जे बनतच नाही ते बंद काय पाडणार! म्हणून भुरी मरते आणि डाऊनीला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून डाऊनीला मेटॅलॅक्झिल लागतं, ते वेगळ्याच ठिकाणी मारतं. आणि म्हणून डाऊनीला पानावर पाणी हवं, भुरीला तेवढं नको. तक्त्यातल्या वीसेक ओळी त्या दुपारी पाठांतराशिवायच मला यायला लागल्या. बटाट्याचा उशिरा येणारा करपा, लिंबूवर्गीयातला डिंक्या, आल्याची कंदकूज, सगळी त्याच भाऊबंदकीतली. कुठलं औषध कुठे चालणार नाही, हे आता मला बसल्या जागी कळतं. किती मिलि घालायचं ते अजूनही ॲग्रीच्या वहीत बघतो, बेनोमिलच्या ओळी खोडलेल्या आहेत.

तर माझा कल कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. तरी दोन गोष्टी जपून बोलतो. एक, मला चांगल्या बाई मिळाल्या. त्याच विभागातल्या दुसऱ्या तुकडीनं अख्खं सत्र त्या पेटीतल्या स्लाइडींवर काढलं, त्यांना विचाराल तर ते बॉटनीला नावं ठेवतील. दोन, मी शेतकऱ्याच्या घरातला. पान कुठून आणायचं, फवारा कसा धरायचा, औषध मारल्यावर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, हे मला घरूनच ठाऊक होतं. पुण्यात वाढलेल्या मुलाला यातलं काहीच येत नसेल आणि पुढे शेतीतच काम करायचं असेल, तर ॲग्रीचा तो चाकू आणि ते पन्नास नमुने त्याच्या जास्त कामाचे. घरची बाग असेल आणि प्रश्न "का" पाशी अडत असेल, तर मी बॉटनीकडे बोट दाखवीन.

बॉटनी घेतलीत, तर उणीव पुण्यात बसून बरीच भरता येते. आघारकर संस्थेत अजरेकरांच्या नावाचं बुरशीचं हर्बेरियम, म्हणजे वाळवून जपलेल्या नमुन्यांचा संग्रह, आहे, विभागामार्फत पत्र देऊन पाहायला जा. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, कांद्याचं राजगुरुनगरला. ॲग्री घेतलीत, तर सीनियरची वही घेताना तिच्यावर साल बघा.

आणि प्रवेशाआधी दोन्हीकडे एकच विचारा, हा पेपर कुठल्या सत्रात असतो. पावसाळ्याच्या सत्रात असेल तर पानं सापडतील. जानेवारीनंतर असेल तर भुरी आणि गव्हाचा तांबेरा मिळेल, पण पोहणारे ठिपके बघायला मिळणं कठीण. परवा मामांचा फोन आला होता, पानावर पांढरं दिसतंय म्हणून. मी म्हटलं, "मामा, आधी पान उलटं करून बघा." पांढरं वरच्याच बाजूला होतं, बोटानं पुसलं जात होतं. हेक्झाकोनॅझोल घरात पडून होतं, २०१९ नंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. मुदत कधीच संपलेली, म्हणून नवीन आणायला सांगितलं.