जुन्या सुती साड्यांची हातशिलाईची गोधडी : पुण्यातील एका घरगुती शिलाई-सेवेचा वर्षभराचा अनुभव

सिंहगड रस्त्याच्या आतल्या भागात पाच-सहा बायका मिळून एका राहत्या घराच्या पुढच्या खोलीत गोधड्या शिवून देतात. आपण आपल्या घरच्या जुन्या सुती साड्या, धोतरे, चादरी घेऊन जायच्या आणि त्यांनी त्या हाताने शिवून गोधडी करून द्यायची, असे या कामाचे स्वरूप आहे. गेल्या वर्षभरात मी त्यांच्याकडून एक मोठी गोधडी आणि एक दुपटे शिवून घेतले आणि दोन्ही गोष्टी रोजच्या वापरात आल्यानंतरच हे लिहीत आहे. त्यांच्या हाती आधीच बरीच कामे आहेत आणि नाव देऊ नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे येथे नाव दिलेले नाही. परंतु अशी सेवा देणाऱ्या बायका पुण्यात आणखीही आहेत, आणि कोणाकडेही काम देताना काय पाहावे हे या अनुभवावरून नीट सांगता येईल असे मला वाटते.

आमच्या सासूबाईंच्या लोखंडी ट्रंकेत आठ-दहा साड्या कित्येक वर्षे नुसत्या घडी करून ठेवलेल्या होत्या. वैशाखात कुरडया-पापडांचे काम उरकल्यावर आम्ही दोघींनी ती ट्रंक रिकामी केली, साड्या गच्चीवर ऊन दाखवून घेतल्या आणि त्यांपैकी सहा निवडून शिलाईसाठी नेल्या. त्या सहांपैकी तीनच साड्या त्यांनी ठेवून घेतल्या. या सेवेबद्दल माझे मत चांगले होण्यास येथूनच सुरुवात झाली. त्यांच्यातील वयाने मोठ्या मावशींनी प्रत्येक साडी उजेडाकडे धरून पाहिली, दोन्ही हातांत ताणून पाहिली, आणि एका साडीविषयी शंका आल्यावर तिच्या काठाचा एक धागा ओढून तो काडीने पेटवला. सूत जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागे मऊ राख उरते. या धाग्याची मात्र वितळून टोकाशी काळी, कडक गाठ झाली. ती गाठ माझ्या बोटांत देऊन त्या म्हणाल्या, "ताई, ही सुती नाही. आत घातली तर घाम शोषत नाही आणि बाकीचे थर हिच्यावरून सरकतात. ही परत न्या." दुसरी साडी विरून इतकी झाली होती की टाका धरणार नव्हता, आणि तिसरीची जर टोचली असती. त्यांना शिलाईचे पैसे थरांवर मिळतात, त्यामुळे सगळ्या साड्या ठेवून घेऊन गोधडी जाड करणे त्यांच्या फायद्याचे होते. तरी त्यांनी तसे केले नाही.

जुन्या साडीचाच आग्रह का धरायचा, हेही त्यांनी काम घेतानाच समजावून सांगितले. बरीच वर्षे धुतलेल्या सुती कापडातील खळ निघून गेलेली असते, त्याला जेवढे आटायचे तेवढे ते आटलेले असते आणि जाणारा रंग बहुतेक गेलेला असतो. कोरे कापड आत घातले तर पहिल्याच धुण्यात ते आटते, बाकीचे थर तसेच राहतात आणि सगळी गोधडी आकसून सुरकुतते. ऊब येते ती पातळ पातळ थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेमुळे, म्हणून एक जाड कापड घेण्यापेक्षा चार-पाच विरविरीत थर अधिक उपयोगी पडतात. खालच्या बाजूसाठी मी रविवार पेठेतील कापडगंजातून नवा मांजरपाट नेला होता, तोही त्यांनी दोनदा धुवून, वाळवून आणायला सांगितला. मी एकदाच धुवून नेला, तेव्हा हाताने चोळून त्यांनी खळ शिल्लक असल्याचे दाखवले आणि परत पाठवले.

ज्यांना साड्या किती लागतील याचा अंदाज हवा असेल त्यांच्यासाठी आमच्या गोधडीचा हिशेब देते. गोधडी 5 फूट रुंद आणि 7 फूट लांब आहे. नऊवारी साडी सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते आणि तिचा पन्हा साधारण 45 इंच असतो. तिचे 7 फुटांचे तीन तुकडे निघतात आणि ते शेजारी शेजारी जोडले की 135 इंच रुंदी मिळते, म्हणजे 60 इंचांचे दोन थर होऊन वर 15 इंचांची पट्टी उरते. अशा दोन नऊवारी साड्यांत चार थर झाले, खाली मांजरपाट लागला आणि वरच्या बाजूच्या चौकोनी तुकड्यांसाठी व काठासाठी एक सहावारी साडी पुरली. तयार गोधडीचे वजन पावणेदोन किलोच्या आसपास भरले. उरलेले सगळे तुकडे त्यांनी न मागता पिशवीत भरून परत दिले, त्यांची मी घरी दुपारच्या वेळात गरम भांडी उतरवण्याची जाड फडकी शिवली.

शिलाईविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण याच मुद्द्यावर किंमत ठरते. मी एकदा काम कसे चालते ते पाहायला गेले तेव्हा आमचीच गोधडी फरशीवर पसरलेली होती. चार कोपऱ्यांवर वरवंटा, खल आणि दोन पितळी तांबे ठेवून थर ताणून बसवले होते, आणि हातभर अंतरावर लांब लांब कच्चे टाके घातले होते. मावशी गोधडीवरच मांडी घालून बसल्या होत्या. पुढचा टाका घालण्याआधी त्या डाव्या हाताचा तळवा कापडावरून फिरवत आणि आतल्या एखाद्या थराला चुणी पडली असेल तर ती तळव्याला लागताच बोटांनी कडेकडे सरकवत नेत. शिलाई कडेने सुरू होऊन चौकोनात चौकोन अशी मध्याकडे जाते. दोन ओळींमध्ये अर्ध्या इंचाचे अंतर आहे आणि एका इंचात चार टाके बसतात. नुसते गणित केले तरी 60 इंच बाय 84 इंचांच्या या क्षेत्रात अडीचशे मीटरहून अधिक दोरा गेला आणि टाक्यांची संख्या 40,000 च्या घरात पोहोचली. सगळा धावदोरा आहे, सुई एकाच वेळी चार-पाच टाके घेते आणि मग दोरा ओढला जातो. तो किती ओढायचा हेच खरे कसब आहे. जास्त ओढला की कापड गोळा होते, सैल सोडला की बाळाच्या पायाचे बोट किंवा बांगडी त्यात अडकते. आमच्या गोधडीत मध्यावर दोन वितभर जागेत टाके थोडे मोठे आणि सैल झाले आहेत, तेथे दुसरा हात लागलेला सहज ओळखू येतो. वापरात त्याने काही बिघडलेले नाही.

या कामाचे त्यांनी 3,200 रुपये घेतले, त्यात दोऱ्याचाही खर्च आला. ओळखीच्या दोघी-तिघींनी "जुन्या साड्या आपल्याच, मग एवढे पैसे कशाचे?" असे विचारले. दोन बायका रोज साधारण चार तास याप्रमाणे नऊ दिवस आमच्या गोधडीवर बसल्या होत्या, म्हणजे 72 तासांचे काम झाले आणि तासाला 45 रुपयेसुद्धा पडले नाहीत. ज्या कामासाठी इतकी नजर आणि इतका हात लागतो त्याला हा दर फार कमी आहे, आणि पैसे देताना मी हे त्यांना सांगितलेही. त्यांनी दर वाढवावा आणि गिऱ्हाइकांनीही तो कुरकुर न करता द्यावा, असे मला मनापासून वाटते. त्याआधीच्या वर्षी मी एका प्रदर्शनातून यंत्रावर शिवलेली, आत कृत्रिम तंतूंचे भरण असलेली रजई निम्म्या किमतीत घेतली होती. तिसऱ्या धुण्यानंतर तिच्यातील भरणाचे गोळे होऊन कडेला जमले, आणि आता ती माळ्यावर पडून आहे.

तक्रारीच्या दोन गोष्टी आहेत. पहिली वेळेची. साड्या मी वैशाखाच्या शेवटी दिल्या, सहा आठवडे सांगितले होते आणि गोधडी हाती आली ती नवव्या आठवड्यानंतर. त्यांच्यापैकी दोघी वेल्हे-भोरकडच्या आहेत आणि जुलैत त्या भातलावणीसाठी गावी जातात. शिवाय पावसाळ्यात धुतलेले कापड चार-चार दिवस वाळत नाही. दोन्ही कारणे खरी आहेत, पण ती दर वर्षीची आहेत, आणि म्हणून काम घेतानाच ती सांगायला हवी होती. मी दोनदा फोन केल्यावर "पुढच्या आठवड्यात देतो" असे उत्तर मिळाले आणि तो आठवडा दोन्ही वेळा उलटून गेला. माझी सूचना अशी की गोधडीचे काम फाल्गुन-चैत्रात द्यावे. गावाकडे गोधड्या शिवायचा काळ पूर्वीपासून उन्हाळ्याचाच आहे, कारण तेव्हा शेतात काम नसते आणि ऊन भरपूर असते.

दुसरी तक्रार रंगाची आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. घट बसण्याआधी घरातील सगळी अंथरुणे-पांघरुणे धुण्याची पद्धत आमच्याकडे अजून पाळली जाते, त्याप्रमाणे पितृपक्षात मी ही गोधडी पहिल्यांदा धुतली. चारही कोपऱ्यांना शोभेसाठी त्यांनी स्वतःजवळच्या डाळिंबी खणाचे त्रिकोणी तुकडे लावले होते, त्यांतील दोन तुकड्यांचा रंग सुटला आणि खालच्या पांढऱ्या मांजरपाटावर तळहाताएवढे गुलाबी डाग पडले. माझ्या साड्यांचा प्रत्येक रंग त्यांनी ओले फडके घासून तपासला होता, आपल्या जवळचा खण मात्र तपासायचा राहिला. मी गोधडी घेऊन गेले तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. चारही तुकडे उसवून सासूबाईंच्याच साडीच्या हिरव्या काठाचे नवे तुकडे लावून आठ दिवसांत परत दिले आणि पैसे घेतले नाहीत. डाग फिकट झाले असले तरी गेलेले नाहीत. आता आपण दिलेल्या कापडाखेरीज दुसरे काही वापरणार असाल तर आधी भिजवून दाखवा, असे मी स्पष्ट सांगते, आणि इतरांनीही सांगावे.

दुपट्याच्या बाबतीत बोट ठेवायला जागा नाही. पुतणीच्या बाळाच्या बारशासाठी मी सासऱ्यांचे एक मऊ धोतर आणि सासूबाईंच्या एका फिकट पिवळ्या साडीचा तुकडा दिला होता. तीन फूट चौरस, तीन थरांचे दुपटे त्यांनी 650 रुपयांत, सांगितलेल्या दिवशी दिले. दोऱ्याची एकही गाठ वर दिसत नाही. प्रत्येक गाठ सुईने ओढून दोन थरांच्या मध्ये दडवलेली आहे, कारण बाळाच्या कातडीला ती टोचते. कडेला झालर किंवा लेस लावू का, असे मी विचारले होते, आणि बोहरी आळीतून आणलेली लेस सोबत नेलीही होती. मावशींनी "बाळ ती तोंडात घालतं" एवढेच म्हणून ती माझ्या पिशवीत परत ठेवली. पुतणीने आता तसेच आणखी एक मागितले आहे, कारण एक धुवायला गेले की दुसरे हाताशी लागते.

वापराविषयी सांगायचे तर डिसेंबर-जानेवारीत पुण्याचे पहाटेचे तापमान 10-12 अंशांपर्यंत आणि कधी त्याखालीही उतरते, त्या दिवसांत ही एकच गोधडी सासूबाईंना पुरली. एरवी त्यांना दोन ब्लँकेटे लागत. ती अंगावर ताठ उभी राहत नाही, अंगालगत पडते, आणि मानेशी दुमडून घेता येते. भिजली की मात्र फार जड होते, म्हणून आम्ही ती धुण्याच्या यंत्रात घालत नाही. बादलीत रिठ्याच्या पाण्यात भिजवून, पायांनी तुडवून, न पिळता निथळू देतो आणि गॅलरीत दोन दांड्यांवर पसरून वाळवतो, म्हणजे पाण्याच्या वजनाने टाके ताणले जात नाहीत. कडक उन्हाचा पूर्ण दिवस मिळणार नसेल तर धुवायला काढत नाही. उन्हाळ्यात घडी करताना मध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवतो.

संक्रांतीनंतर त्यांच्याकडे पुढचे काम देण्यासाठी मी नाव नोंदवले आहे. या वेळी उन्हाळ्यात गच्चीवर झोपताना घेण्यासाठी दोनच थरांचे पांघरूण हवे आहे. त्यासाठी सासूबाईंनी स्वतःची चॉकलेटी इरकली काढून दिली असून तिचा काठ वरच्या बाजूला, डोक्याशी यावा असे बजावले आहे. मांजरपाट दोनदा धुवून ठेवला आहे.