नोकरी सोडण्याआधीचा सल्ला: गंगापूर रोडवरील एका समुपदेशन केंद्राविषयी

जाहिरात संस्थेत बारा वर्षे ग्राफिक डिझायनर म्हणून काम केल्यानंतर ते सोडून शिक्षकी पेशात जावे का, हा प्रश्न मला वर्षभर सतावत होता. नाशिकमध्ये करिअर समुपदेशन म्हटले की दहावी-बारावीची मुले आणि त्यांचे चिंताक्रांत पालकच डोळ्यांसमोर येतात; गंगापूर रोडवरील या केंद्रात मात्र नोकरदारांसाठी स्वतंत्र सेवा आहे आणि त्यासाठी संध्याकाळची वेळ मिळते. फी एका चांगल्या पेन टॅबलेटपेक्षा कमी आहे आणि पावती न मागता मिळते.

सुरुवात कलचाचणीने होते. जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांडलेल्या सहा व्यक्तिप्रकारांवर ती आधारलेली आहे. माझा कल ‘कलात्मक’ आणि त्याखालोखाल ‘सामाजिक’ निघाला. सोळा वर्षांच्या मुलाला याचा उपयोग होत असेल. ज्याचे अर्धे आयुष्य रंग आणि अक्षरे यांतच गेले, त्याला हे सांगण्यासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी किंमत वसूल होते ती त्यानंतरच्या नोंदवहीत. कार्यालयातील प्रत्येक अर्ध्या तासाचे काम, ते कोणी सांगितले आणि ते पुन्हा करायला आवडेल का, अशा तीन रकान्यांत रोज लिहायचे असते. माझ्या नोंदी नवरात्राच्या तोंडावरच्या असल्याने त्यांत साड्यांच्या दुकानासाठी नऊ दिवसांच्या नऊ रंगांच्या पोस्ट होत्या, त्याच पोस्ट चार वेगवेगळ्या मापांत बसवणे होते, छपाईला पाठवताना तुटलेली जोडाक्षरे दुरुस्त करणे होते, आणि एका बांधकाम व्यावसायिकाच्या होर्डिंगवरील ‘३ बीएचके’ दिवसभर डावीकडून उजवीकडे व पुन्हा डावीकडे हलवणे होते. तिसऱ्या रकान्यात ‘हो’ लिहिलेले तास मोजकेच होते, पण ते सगळे प्रत्यक्ष रेखाटनाचे होते. समुपदेशकांनी वही शांतपणे वाचली आणि विचारले, “तुम्हाला पेशा बदलायचा आहे, की साहेब?” हा प्रश्न मला चाचणीच्या संपूर्ण अहवालापेक्षा मोलाचा वाटतो.

पुढची बैठक पैशांची असते आणि तीही तितकीच चोख होते. अंतिम मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ३०,००० रुपये असेल, तर वर्षाला १५ दिवसांचे वेतन आणि महिन्याचे २६ दिवस या हिशेबाने बारा वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे २ लाख ८ हजार रुपये होते, हे त्यांनी कागदावर मांडून दाखवले. त्याहून महत्त्वाचा मुद्दा आरोग्य विम्याचा होता; हा मुद्दा आमच्या घरात कोणालाही सुचला नव्हता. कंपनीच्या सामूहिक पॉलिसीचे संरक्षण नोकरीबरोबर संपते आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून राजीनाम्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत वळण्याची चौकशी करावी, असा त्यांचा आग्रह होता. वडिलांचा मधुमेह लक्षात घेता हा सल्ला मला सर्वाधिक उपयोगी पडला.

केंद्र उणे पडते ते शिक्षण क्षेत्राच्या माहितीत. नोकरी सांभाळून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे बी.एड. करा, असे अहवालात बिनदिक्कत लिहिले होते. १९८९ पासूनचे हे विद्यापीठ नाशिकचेच असल्याने त्याचे नाव येथे पटकन सुचते, हे समजण्यासारखे आहे. परंतु तेथील बी.एड. आधीच शिक्षक म्हणून सेवेत असलेल्यांसाठी आहे. माझ्यासारख्याला दोन वर्षांचा नियमित अभ्यासक्रमच करावा लागेल. शिवाय शाळेत चित्रकला शिकवायची असेल, तर कला संचालनालयाच्या अखत्यारीतील कला शिक्षक पदविका, म्हणजे एटीडी, हा वेगळा मार्ग आहे आणि डिझायनरच्या अहवालात त्याचा साधा उल्लेखही नसावा, हे खटकते. चूक दाखवल्यावर सुधारित अहवाल आठवडाभरात आला, तोही सबबी न सांगता.

मी अद्याप राजीनामा दिलेला नाही. २०२७ च्या सिंहस्थाची कामे संस्थेकडे येऊ लागली आहेत, आणि त्यांतील रेखाटनाचा भाग मी तूर्त स्वतःकडे मागून घेतला आहे. निव्वळ कलचाचणीसाठी कोणी येथे जाऊ नये. नोंदवही आणि हिशेबाच्या बैठकीसाठी जरूर जावे. जाताना वेतनचिठ्ठी व विमा पॉलिसीची प्रत सोबत ठेवावी, कारण केंद्र तसे आधी कळवत नाही आणि त्या कागदांविना हिशेबाची अर्धी बैठक वाया जाते.