थायरॉईडची गोळी बंद केली आणि वर ४१,७१८ रुपयेही दिले

एक्केचाळीस हजार सातशे अठरा रुपये. वजन उतरवून देतो म्हणणाऱ्या एका कंपनीला पाच वेळा दिले, पाचही वेळा माझ्याच हाताने, माझाच पिन टाकून. आकडा आधीच लिहून टाकते, कारण दोन महिने मी तो नवऱ्यालाही खरा सांगितला नव्हता. त्याला सात हजार माहीत होते.

आधी ४९९, ‘तपासणी फी’. मग ६,९९९ चा पहिला संच. मग ११,५०० ‘दुसरा टप्पा’. मग १८,०००. आणि शेवटचे ४,७२०, ज्यांच्याबद्दल खाली लिहितेच आहे आणि ज्यांची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मी अडाणी नाही. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासणं हेच माझं काम आहे. पण थायरॉईड कमी असलेल्या बाईला रोज काय ऐकावं लागतं ते ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल मी का अडकले. ‘तोंडाला आवर घाल.’ ‘थायरॉईड काय, सगळ्यांनाच असतो.’ सहा वर्षं मी ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेत होते. त्या काळात ६९ किलोची ७८.४ किलो झाले. डिसेंबरात टीएसएच (रक्तातला हा आकडा थायरॉईड कमी पडला की वाढतो) ७.८ आला, डॉक्टरांनी डोस ८८ केला, सहा आठवड्यांनी परत तपासा म्हणाले. वजनाचं विचारलं तर म्हणाले, थायरॉईडमुळे वाढतं ते साधारण दोन ते पाच किलो, त्यातही बरंचसं पाणी आणि मीठ. बाकीचं गोळीने उतरणार नाही. ते खरं बोलत होते. मला ते खरं ऐकायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात त्या कंपनीची जाहिरात दिसली. फोनवरची बाई पहिली चाळीस मिनिटं वजनाबद्दल बोललीच नाही. ‘ताई, भुवयांच्या बाहेरच्या टोकाचे केस विरळ झालेत का? टाचांना भेगा पडतात? उन्हाळ्यातही पाय गार पडतात?’ मी रडले हो फोनवर. सहा वर्षांत एवढं कुणी विचारलं नव्हतं. ही सगळी लक्षणं वैद्यकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात ओळीने दिलेली असतात, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. तुमची लक्षणं तुमच्याआधी कुणी भराभर सांगितली, तर त्याला तुम्ही कळलात असं नाही. त्याने यादी पाठ केलेली आहे.

मग मुद्द्यावर आली. ‘बाहेरून हार्मोन दिलं की ग्रंथी आळशी होते. जन्मभर गोळी कशाला? आपण मुळापासून जाऊ.’ माझा आजार हाशिमोटोचा आहे. त्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच ग्रंथीला हळूहळू निकामी करते. आळसाचा काही संबंध नाही, आणि गोळीत असतं ते ग्रंथी बनवते तेच हार्मोन. हे मला आज तोंडपाठ आहे.

१२ जानेवारीला गोळी बंद केली. घाबरतच केली. आठ दिवस रोज स्वतःकडे बघत होते. काहीच झालं नाही. ‘बघा ताई, काही झालं का? मग ती गोळी करत काय होती?’ ऐकून मला पटलं! गोळीतलं हार्मोन, लिव्होथायरॉक्सिन, रक्तातून निम्मं उतरायलाच साधारण सात दिवस लागतात. म्हणजे आठव्या दिवशी मी जुन्या गोळ्यांच्या पुण्याईवरच चालत होते. गोळी सोडून पहिले दोन आठवडे बरं वाटलं याला कुणीही पुरावा मानू नका.

आणि वजन उतरलं. तीन आठवड्यांत ७८.४ वरून ७४.८. हे कुणी विचारत नाही म्हणून सांगते, काटा खरंच खाली आला होता, उगाच नाही दिले मी ११,५००. त्यांच्या संचात पुड्या होत्या आणि केसांसाठीच्या गोळ्या. पुडीवर बारीक अक्षरात सोनामुखी लिहिलेलं होतं. सोनामुखी कशासाठी घेतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. दिवसातून चार-चार वेळा जावं लागत होतं, आणि ती म्हणत होती, विषं बाहेर पडतायत. गेलं ते पाणी. शिवाय थायरॉईड कमी झाला की जे बद्धकोष्ठ होतं, ज्यावरून मला एरवी लगेच कळलं असतं, तेही त्या पुडीने झाकून टाकलं.

आता तो दिवस. २४ फेब्रुवारी. दुसऱ्या दिवशी टीएसएच करायचा होता. रात्री साडेनऊला तिचा मेसेज आला: ‘ताई उद्या रिपोर्ट ना? सकाळी उपाशीपोटी केसांच्या दोन गोळ्या नक्की घ्या, विसरू नका.’

मी काय केलं? सहा दहाचा गजर लावला. सहा वर्षं प्रत्येक लॅबवाल्याने मला सांगितलंय, आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. आणि ही सांगते आधी घ्या. तेही केसांची गोळी. वजनाच्या उपचारात रक्त देण्यापूर्वी केसांची गोळी कशाला हवी? एवढा एक प्रश्न मला पडायला हवा होता. तो मेसेज मी नंतर किती वेळा उघडून वाचला असेल याला गणती नाही. शेवटी ‘विसरू नका’ आहे. कुणी विसरू नका म्हणून बजावतं तेव्हा त्यात त्याचं काहीतरी अडकलेलं असतं, हे रोज बिलं तपासणाऱ्या बाईला कळू नये?

रिपोर्ट आला १.९. गोळीशिवाय १.९! मी लॅबच्या दारातूनच तिला फोन केला. त्याच संध्याकाळी १८,००० भरले, ‘तिसरा टप्पा, आगाऊ भरल्यास सवलत’.

त्या केसांच्या गोळीत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व होतं, एका गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं. टीएसएच मोजण्याच्या अनेक चाचण्यांची रचनाच बायोटिनच्या पकडीवर उभी असते. रक्तात ते एवढं जास्त झालं की यंत्र टीएसएच खोटाच कमी दाखवतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. तुम्ही केसांसाठी, नखांसाठी काहीही घेत असाल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, आणि लॅबला सांगा. फसवणूक नसली तरी सांगा.

मार्चभर मी आनंदात होते आणि आतून बुडत होते. तिसरा संच आलाच नाही. केसांच्या गोळ्या ४ एप्रिलला संपल्या, आणि तेवढ्यामुळेच पुढचा रिपोर्ट खरा आला. मुलगी फोनवर म्हणाली, ‘आई, झोपेतून उठलीस का? आवाज कसा येतोय तुझा!’ दुपारचे चार वाजले होते. पापण्या सुजल्या होत्या, अंगठी बोटात रुतली होती, साबण लावून अर्धा तास ओढली तेव्हा निघाली. १९ एप्रिलला जुन्या डॉक्टरांकडे गेले. टीएसएच ४६.२. वजन ८०.१. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, घरातल्या सगळ्या बाटल्या घेऊन या, आणि एकेक उलटी करून वाचत बसले.

आणि एवढं होऊनही, दोन दिवसांनी, ‘रिफंड मंजूर झालाय, फक्त त्यावरचा जीएसटी ४,७२० भरा, तोही परत मिळेल’ या मेसेजवर मी पैसे भरले. टीएसएच ४६ असताना डोकं खरोखर मंद चालतं, एक ओळ तीनदा वाचावी लागते. सबब म्हणून सांगत नाही. पण खरं आहे. पैसे परत मिळण्यासाठी आधी पैसे मागितले, की फोन ठेवा.

पैसे गेल्यावर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवायला हवं होतं, जितकं लवकर तितके पैसे थांबण्याची शक्यता जास्त. मी लाजेत अकरा दिवस घालवले.

मग सुरू झाल्या चकरा. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, ‘मॅडम, ओटीपी कुणी चोरला का? नाही ना? मग तुम्हीच दिलेत.’ दुसरं, ‘कंपनी दुसऱ्या राज्यातली, हद्द आमची नाही.’ भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी नोंदवावा लागतो, १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू आहे. हे मी छापून नेलं. कागद बघितलासुद्धा नाही. ‘बारीक व्हायचं होतं ना तुम्हाला?’ असं एक जण बोलला आणि शेजारचा हसला. मी तिथे गुन्हेगार होते का?

बँक म्हणाली, व्यवहार तुम्ही मंजूर केलाय. औषधांच्या कार्यालयात केसांच्या गोळ्यांची बाटली दाखवली तर म्हणे यावर अन्नाचा परवाना आहे, त्या विभागात जा. त्या विभागात पुडी दाखवली तर म्हणे ही आयुर्वेदिक, आमच्याकडे येत नाही. एकाच खोक्यातून आलेल्या दोन वस्तू, आणि मी तीन मजले चढतेय, तेही त्या अवस्थेत, जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत. शेवटी एकाने सांगितलं, सीलबंद बाटली आणा, उघडलेली तपासता येत नाही. म्हणजे परत पैसे देऊन त्याच लोकांकडून मागवू? १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचारांच्या जाहिरातींवरील कायद्यात ज्या आजारांवरच्या उपचाराची जाहिरातच करता येत नाही, त्या यादीत लठ्ठपणाही आहे आणि गलगंडही, म्हणजे थायरॉईड ग्रंथीची वाढ. हे म्हटल्यावर साहेब म्हणाले, ‘जाहिरात कुठाय?’ ती कधीच काढून टाकली होती. म्हणून सांगते, पैसे भरण्याआधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या, एक बाटली सील न तोडता ठेवा, खोकं फेकू नका. मी खोकं रद्दीत दिलं.

ग्राहक आयोगाची वाट अजून मोकळी आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. कंपनी कुठल्या राज्यातली आहे याने तिथे अडत नाही. ते कागद मी तयार करतेय.

गोळी परत सुरू झाली आहे, पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर चार तासांनी. जूनमध्ये टीएसएच ९.४ आला, आधी दोन दिवस नाही तर पूर्ण आठवडा दुसरं काहीही न घेता. वजन ७७.९. ज्याला बरं व्हायचंय त्याने आधी टीएसएच जागेवर आणावा, मग काट्यावर उभं राहावं. आणि गोळी सोडा म्हणणारा कुणीही असो, पदवी कितीही लांब लावलेली असो, स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नका.

गेल्या आठवड्यात पोलिसांकडून तक्रारीची प्रत मिळाली. त्यात लिहिलंय, ‘अर्जदार महिलेस वजन कमी करण्याच्या औषधाचा अपेक्षित गुण न आल्याने नाराजी.’ गोळी बंद करायला लावली हे नाही. ४६.२ नाही. रात्री साडेनऊचा मेसेज नाही. सोमवारी परत जाणार आहे. मेसेज छापून घेतलाय, बायोटिनच्या बाटलीचा फोटो आणि दोन्ही रिपोर्ट त्याच कागदावर चिकटवलेत, आणि नोंद दुरुस्त झाल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही असं नवऱ्याला सांगून ठेवलंय. या वेळी तोही येतोय. आकडा त्याला आता पूर्ण माहीत आहे.