चपट्या निबेच्या पेनाने झाडं: नऊ महिन्यांनंतर

तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात हा पेन घेतला, आता नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, तोंडावर आलाय. मधले बहुतेक रविवार मी तो घेऊन नागपुरात महाराजबागेत, सेमिनरी हिल्सवर नाहीतर अंबाझरी तलावाच्या काठावर झाडं काढत बसलोय. पेन सुलेखनाचा, निब 3.8 मिमी रुंद. धातूच्या दोन सपाट पट्ट्या एकमेकींना लागून असतात आणि मधल्या फटीतून शाई उतरते.

पहिले दोन महिने काहीच जमलं नाही. आधी मी बॉलपेनने काढायचो, पान न् पान गिरवत. त्याच सवयीने कडुलिंब काढायला घेतला आणि कागदावर काळा लगदा झाला. एवढ्या रुंद रेघेत कडुलिंबाचं पान मावणारच कसं? शेवटी पानं सोडली. फक्त खोड, फांद्या आणि सावलीचे गठ्ठे काढू लागलो, तेव्हा कुठे झाड दिसायला लागलं. महाराजबागेत एकदा चौकीदारकाका मागे येऊन उभे राहिले. "काय काढून राह्यले भाऊ?" म्हटलं, चिंच. "मंग पानं कुठी हायेत?" मग चार पावलं मागे गेले आणि म्हणाले, "हाव, दुरून चिंचच दिसते." त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

खरी गंमत कोनाची आहे. अक्षर लिहिताना निब एका कोनात धरतात आणि तो कोन मोडत नाहीत. मी 45 अंशांवर धरतो. निबेच्या धारेच्या दिशेने ओढलेली रेघ केसासारखी बारीक येते, धारेला काटकोनात ओढलेली पूर्ण रुंद. त्यामुळे वळणावळणाच्या फांदीत एका ओढीतच जाड-बारीक उतरतं. पळसाला हे इतकं शोभतं की फाल्गुनात काटोल रोडला मी दुसरं झाडच काढलं नाही. पानं झडलेली, खोड वेडंवाकडं, टोकाला फुलांचे झुबके. काटेसावरीच्या आडव्या फांद्यांचे मजलेही सुरेख येतात. हात झपकन ओढला तर शाई तुटत तुटत लागते, आणि जुन्या कडुलिंबाची भेगाळलेली साल त्या एका फटकाऱ्यात होते.

पण झाडाची जाडी काही दिशेवर ठरत नाही. उजवीकडे वर गेलेली चांगली मांडीएवढी फांदी नेमकी निबेच्या धारेत सापडते आणि काडीसारखी उमटते. तिथे कोन मोडून मनगट फिरवावंच लागतं. हे कळायला मला दिवाळी उजाडली. वडाच्या पारंब्यांना निब कोपऱ्यावर उभी करतो, बारीक रेघ मिळते. दोन्ही पट्ट्या कागदाला नीट टेकल्या नाहीत तर मात्र रेघेची एक कड फाटते. खडबडीत कागदावर हे जास्त होतं.

शाईबद्दल सांगायलाच हवं. सोबत आलेली शाई पाण्यात विरघळते. ओला ब्रश फिरवला की राखाडी सावली मिळते, हे मला आवडतं. पावसाचे चार थेंब पडले की चित्र गेलं, हेही तितकंच खरं. म्हणून एकदा पाण्याने न पुसणारी काळी शाई भरली आणि आठवडाभर पेन बंद पडला, फट चोंदली. रात्रभर कोमट पाण्यात ठेवून, फटीतून प्लास्टिकची पातळ पट्टी फिरवल्यावर सुटला. पुन्हा तो प्रयोग करणार नाही. शाई पितोही भरपूर. एक कार्ट्रिज (शाईची नळी) तीन-चार मोठ्या झाडांत संपतं, म्हणून रिकामी कार्ट्रिजं आता सिरिंजने भरतो. साध्या वहीत शाई पलीकडे उतरते, 200 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद घ्या. 6 मिमीचा पेनही घेतला होता, पण लहान वहीसाठी तो उपयोगाचा नाही.

एप्रिलपासून निब फार लवकर सुकते. झाडाकडे बघत बसलं तरी टोपण लावावं लागतं. सध्या साडेसहाला निघतो, आठच्या आत परत. सिव्हिल लाइन्सचा बहावा पिवळाधमक झालाय. खाली लोंबणारे ते घोस काळ्या शाईत कसे आणायचे, तीन रविवार तेच चाललंय.