साताऱ्यात जुने मोडी कागद वाचून घ्यायचे असतील तर राजवाड्याजवळचे सर

साताऱ्यात राजवाड्याजवळ एक निवृत्त शिक्षक मोडी कागद वाचून देतात. आमच्या पणजोबांच्या घराचे कागद मी त्यांच्याकडूनच वाचून घेतले आणि काम इतकं मनापासून केलंय की सविस्तर लिहायलाच पाहिजे. माझ्याकडून पाचपैकी पाच.

आमच्याकडे होतं काय, तर यादोगोपाळ पेठेतल्या मिळकतीचं प्रॉपर्टी कार्ड, नगरपालिकेच्या जुन्या घरपट्टी रजिस्टरातल्या दोन पानांची नक्कल आणि चुलत्यांच्या ट्रंकेत सापडलेलं एक गहाणखत. घरात सगळे म्हणायचे आपला साताऱ्यात वाडा होता, पण कुठला, कधीचा, कुणालाच धड सांगता येत नव्हतं.

सरांनी पहिल्यांदा प्रॉपर्टी कार्ड बघितलं आणि सांगितलं की सिटी सर्व्हे नंबर वेगळा, नगरपालिकेचा घर नंबर वेगळा, आणि नवीन आकारणी झाली की घर नंबर बदलू शकतो, त्यामुळे नुसत्या नंबराच्या मागे लागू नका, चतुःसीमा बघा. जुन्या खतात घर ओळखतात ते चतुःसीमेवरून, पूर्वेस अमक्याचं राहतं घर, पश्चिमेस बोळ, असं. म्हणजे आपल्या घराचा कागद नसला तरी शेजाऱ्याच्या खरेदीखतात आपलं नाव सापडू शकतं! हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. शेजारच्या कुटुंबाने त्यांचं जुनं खत मोकळ्या मनाने दाखवलं आणि त्यात खरंच "दक्षिणेस" म्हणून आमच्या पणजोबांचं नाव निघालं, ते वाचताना मला बोलायलाच सुचेना.

वाडा मात्र आमचा नव्हता. घरपट्टीच्या आधीच्या पानावर मालक दुसरेच आहेत आणि आमचे पणजोबा भोगवटादार, मागच्या अंगाचे दोन खण (खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा). नंतरच्या पानावर स्वतःचं कौलारू घर, तीन खण. घरातल्या मोठ्यांना हे थोडं लागलं, पण मला तर दोन भाड्याच्या खणांतून तीन स्वतःच्या खणांत जाणं जास्त मोठं वाटतं.

आता गहाणखत. हे आधी मी दुसरीकडे वाचायला दिलं होतं, तिथे पुढची बाजू तेवढी लिहून दिली आणि पैसे घेतले. सरांनी कागद उलटा केला तर मागे बारीक अक्षरात भरण्याच्या नोंदी. शके 1821 मध्ये, म्हणजे 1899-1900 ला, घर 75 रुपयांना गहाण पडलंय आणि मागे कधी पाच, कधी सात, एकदा तर दोनच रुपये असे भरत गेलेत, आणि मधूनच पणजोबांचं नाव थांबून पणजीचं नाव लागतं, "कोम" म्हणजे अमक्याची बायको, असं नवऱ्याच्या नावासकट. शेवटचा भरणाही तिचाच. आमच्या घरात तिचा एक फोटोसुद्धा नाही, तिने घर सोडवलं हे कुणाला माहीत नव्हतं, आणि ते एवढी वर्षं ट्रंकेत पडून होतं.

मी सरांना म्हटलं, त्या काळात मुंबई इलाख्यात प्लेग होता, दुष्काळ होता, म्हणूनच गहाण टाकलं असणार, तसं लिहा. त्यांनी नाही लिहिलं. कागदात कारण "घरप्रपंचाचे खर्चाकरिता" एवढंच आहे, तेवढंच लिहून देणार म्हणाले, पुढचं तुम्ही तुमच्या मनात ठेवा. मला हे फार पटलं. जे अक्षर लागत नाही तिथे ते जागा मोकळी सोडून खूण करतात, अंदाजाने भरत नाहीत, आणि शके सालाशेजारी इंग्रजी साल लिहून देतात.

शाळेचं जनरल रजिस्टर बघा हेही त्यांनीच सुचवलं. आताच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 ला 1914 नंबरवर भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे हे साताऱ्यात पोराटोरांना माहीत असतं, पण तसल्याच रजिस्टरांत आपल्याही घरातली माणसं असू शकतात हे डोक्यात येत नाही. आजोबांची नोंद त्यांच्या मराठी शाळेत मिळाली, वडिलांचा धंदा शिवणकाम.

अजून एक कामाची गोष्ट, ज्यांची मुळं वाळवा, तासगाव, खानापूरकडची आहेत त्यांनी फक्त सांगलीत शोधू नका. तो भाग 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता, मग दक्षिण सातारा झाला आणि सांगली हे जिल्ह्याचं नाव 1960 चं. खुद्द सांगली आणि मिरज संस्थानी, त्यांचं दप्तर वेगळं. आणि घर शाहूपुरीत असेल तर ती 2020 च्या हद्दवाढीत नगरपालिकेत आली, त्याआधीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीचा उतारा, ग्रामपंचायतीच्या दप्तरातला.

दर पानाला 250 रुपये, अक्षर फार किचकट असेल तर जास्त, पण आधी कागद बघून सांगतात. मोबाईलवर काढलेला वाकडा फोटो चालत नाही, नीट स्कॅन किंवा मूळ कागद लागतो. ऑफिसातून नकला आणायचं काम ते करत नाहीत, अर्ज आपणच करायचा, काय मागायचं ते मात्र चिठ्ठीवर लिहून देतात. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी गर्दी वाढलीय, त्यामुळे लगेच हवं असेल तर नाही होणार, माझ्या कामाला चांगला दीड महिना गेला. मूळ कागद देताना पोच घ्या, ते स्वतःहून देतात. दुपारी एक ते चार बंद असतं आणि जिना अरुंद आहे, वयस्कर माणसाला घेऊन जाणार असाल तर आधी फोन करा, ते खाली येऊन बसतात.