‘सोळा जीबी दिसतंय ना, ताई?’

सहा हजार आठशे रुपये गेले आणि वर एक रॅमही गेली. कशी गेली ते सांगते, कारण दुरुस्तीहून घरी आणल्यावर कॉम्प्युटर छान चालू होत होता आणि स्क्रीनवर सोळा जीबी दिसत होतं.

मी पुण्यात घरूनच डीटीपी, म्हणजे छपाईची पानं लावायचं काम करते. कॉम्प्युटर २०२० साली जुळवून घेतलेला: एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, ३२०० वेगाच्या. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी घर आवरताना कॅबिनेटही उघडलं. धूळ ब्रशने काढली, दोन्ही रॅम उपसून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरने पुसल्या आणि परत बसवल्या. नंतर गोंधळ नको म्हणून फोटो काढला होता, पण तो टेबलावर ठेवलेल्या रॅमचा. कुठल्या स्लॉटमधून काढल्या, याचा नाही. शहाणपण!

बोर्डावर चार स्लॉट. मी पहिला आणि तिसरा धरला. मशीन चालू झालं, पण दोन दिवसांत निळा स्क्रीन आणि त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’. दिवाळी अंकाची पानं लावत होते, त्यातली चाळीस पानांची फाइल उघडेना. तपकीर गल्लीपर्यंत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारापर्यंत, जायचा कंटाळा केला आणि कॅबिनेट घराजवळच्या दुकानात टाकलं.

दुकानदाराने झाकण उघडलं, बॅटरी मारली आणि म्हणाला, “ताई, बोर्डाचा मेमरी कंट्रोलर उडालाय. चिप बदलावी लागेल.” मी मान डोलावली. आता कळतं की तिथेच उठून यायला हवं होतं. मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, बोर्डावर नसतोच, प्रोसेसरच्या पोटात असतो. एएमडीने तो २००३ पासून तिथे नेलाय, इंटेलने २००८ पासून. बोर्डावरची जी चिप त्याने बदलली म्हणे, ती अस्तित्वातच नव्हती. पण अंक छापायला जायचा होता, डोकं तिकडे.

चार दिवसांनी मशीन घरी आलं. निळा स्क्रीन थांबला होता. मी खूश. फक्त पंखा मिक्सरसारखा ओरडायचा आणि पीडीएफ काढायला घेतली की कॅबिनेटवर हात ठेववत नसे.

गणपतीला नाशिकहून भाचा आला. आरतीच्या मध्येच म्हणाला, “मावशी, हे काय बोंबलतंय?” प्रसाद खाऊन बसला. सीपीयू-झेड हे आतल्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं, तर मेमरीची फ्रीक्वेन्सी १२००. डीडीआरमध्ये हा आकडा दुप्पट धरायचा, म्हणजे माझी ३२०० ची रॅम २४०० वर रांगत होती. मग त्यातल्या एसपीडीच्या पानावर, जिथे प्रत्येक रॅमची कंपनी आणि वेग दिसतो, एकेक स्लॉट बघितला. एक रॅम माझी, दुसरी भलत्याच कंपनीची, २४०० ची. दोन वेगाच्या रॅम एकत्र लावल्या की दोन्ही हळू असेल तिच्या चालीने चालतात. मोबाइलमधला तो बिनकामाचा फोटो इथे कामी आला. लेबलं स्पष्ट दिसत होती. झाकण उघडून ताडून पाहिलं, एक नंबर जुळेना.

त्याहून वाईट बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या आतल्या सेटिंगमध्ये होतं. प्रोसेसरचं व्होल्टेज ऑटोवरून काढून १.४५ ला खिळवलेलं. ऑटोवर असताना ही चिप हलक्या कामात क्षणभर १.४ च्या वर जाते, ते रीतसर आहे. पण सहाही कोअर राबत असताना तिला तिथेच धरून ठेवलं तर ती भाजून निघते. पीडीएफ काढताना ९३ अंश दिसत होते, आणि या प्रोसेसरची मर्यादा आहे ९५. रॅमच्या दुखण्याला या व्होल्टेजचा उपयोगही नाही. रॅमचं व्होल्टेज वेगळं असतं, साधं १.२ आणि ३२०० चा वेग देणाऱ्या सेटिंगला (प्रोफाइलला) १.३५. ताप कशाचा ते न बघता सलाईन लावणारे डॉक्टर असतात, त्यातला प्रकार.

मूळ आजार मात्र माझाच होता. अशा बहुतेक बोर्डांवर दोनच रॅम असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. पहिल्या-तिसऱ्यात बसवल्या की तारेचं टोक पुढे रिकामं लोंबतं, सिग्नल तिथे आपटून मागे येतो आणि ३२०० चा वेग डळमळतो. तुमच्या बोर्डाचं मॅन्युअल बघाच, तिथे चित्र असतं. त्या भल्या माणसाने रॅम पहिल्या-तिसऱ्यातच ठेवल्या होत्या! निळा स्क्रीन थांबला तो वेग २४०० वर आल्यामुळे.

भाच्याने बायोस मूळ सेटिंगवर आणलं, रॅम हलवल्या. दहा मिनिटांचं काम. तापमान पंच्याहत्तरच्या आसपास आलं.

मी दुकानात गेले. फोटो बघून तो शांतपणे म्हणाला, “सोळा जीबी दिसतंय ना, ताई? मग?” मी नंबर दाखवले. तो म्हणाला, “देताना नंबर लिहून घेतला होता का?” नव्हता घेतला. माझ्याकडे होती एक चिठ्ठी: ‘कॉम्प्युटर रिपेअर ६८००’. दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही, तारीखही नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी पहिल्यांदा बिलच विचारलं.

दुसऱ्या जोडीचे पैसे वेगळे गेले. आता मशीन कुठेही द्यायची वेळ आली तर रॅमचे, एसएसडीचे नंबर पावतीवर लिहून सही घेते. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. आणि कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर मार्करने ठळक लिहून ठेवलंय: २ आणि ४.