मृत्युपत्रात मुलांसाठी पालक नेमला, भुसावळच्या वकिलांचा अनुभव (४ स्टार)

आधी सांगते, मी या ऑफिसात स्वतःहून गेलेली नाही. हे रेल्वेत रनिंग स्टाफला, मी शाळेत, पोरगी सात वर्षांची, पोरगा तीनचा, आणि जळगावला काही काम निघालं की आम्ही दोघं एकाच गाडीवर हायवेने जातो. एकदा ट्रक घासून गेला त्या रात्री दोघांनाही झोप नव्हती. मग यांनी मोबाईलवरच मृत्युपत्राचा एक ऑनलाईन फॉर्म भरायला घेतला. त्यात पालकाचं नाव म्हणून एक चौकोन, बस्स. कोणाला विचारलं का, तो नाही म्हणाला तर कोण, काहीच नाही. पैसे भरायच्या आधी बंद केला म्हणून वाचलो.

मग शेजारच्या काकूंनी या वकिलांचं नाव सांगितलं. नाव इथे टाकत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत. अकराची वेळ दिलेली, आत गेलो दीड वाजता. आणि वकीलसाहेब बोलता बोलता फोन घेतात, दर पाच मिनिटांनी.

पण माणूस हुशार आहे. पहिल्याच बैठकीत यांना म्हणाले, साहेब, तुम्ही पालक कोणालाही नेमा, मॅडम हयात असेपर्यंत ते लागूच होत नाही, तुमच्यामागे आईच पालक. नंतर मॅडमनी मृत्युपत्रात दुसऱ्याला नेमलं तर त्यांचं चालेल, नाही नेमलं तर तुमचं परत जिवंत होईल. १९५६ चा कायदा आहे म्हणे, हिंदूंसाठीचा. म्हणून दोघांनी वेगवेगळं मृत्युपत्र करा आणि दोघांत एकच नाव टाका. हे ऐकून हे माझ्याकडे असे बघत होते जसं काही मीच कायदा केलाय.

खरी गंमत नावाची. माझा भाऊ अमळनेरला, मुलं त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली, वहिनी पण जीव लावते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले होते तेव्हा त्या दोघांना विचारून ठेवलं होतं, (आधी विचारा, परस्पर नाव टाकू नका, हे वकिलांनी पण तीनदा सांगितलं). पण भरीत पार्टीला जेठांच्या (यांचे मोठे भाऊ, आम्ही दादा म्हणतो) कानावर गेलं आणि वांगी भाजायची सोडून ते म्हणाले, मग केळीच्या बागेतबी मामाच पाय ठेवणार का? जेवण तसंच गार झालं. दुसऱ्या दिवशी मी सरळ दादांनाच वकिलांकडे घेऊन गेले. तिथे कळलं की एकत्र कुटुंबाच्या सामाईक जमिनीत मुलाचा जो न वाटलेला हिस्सा असतो त्यावर मृत्युपत्रातल्या पालकाचा अधिकारच चालत नाही. सातबाऱ्यावर अ.पा.क. (अज्ञान पालन कर्ता, म्हणजे १८ च्या आतल्या वारसाचा पालक) लिहिलेलं दादांनी जन्मभर बघितलंय, पण हे त्यांना पण नवीन होतं. एकदम शांत झाले आणि येताना रसवंतीवर सगळ्यांना रस पाजला.

शेवटी असं ठरलं, मुलं मामाकडे, आणि आम्ही कमावलेला भुसावळचा फ्लॅट न् एफडी यांचा हिशोब दादांकडे, म्हणजे सांभाळणारा एक आणि पैसा बघणारा दुसरा. मुलं १८ ची होईस्तोवर फ्लॅट विकायचा नाही अशी अट टाकली. भावाला काही झालं तर दुसरं नाव म्हणून माझी धुळ्याची बहीण. तरी वकिलांनी सांगून ठेवलं की उद्या कोणी कोर्टात गेलंच तर कोर्ट मुलांचं हित आधी बघेल, कागद नंतर. आणि कागदच नसता तर कोणालातरी जिल्हा न्यायालयात पालक नेमायचा अर्ज करत बसावं लागलं असतं.

अजून एक काम त्यांच्यामुळे झालं. विम्याच्या पॉलिसी काढून बघा म्हणाले, नॉमिनी अज्ञान असेल तर पैसे घेणारा अपॉइंटी कोण ते तपासा. बघतो तर यांच्या आत्याबाईंचं नाव, त्यांना जाऊन तीन वर्षं झाली!

आता तक्रारी. दोन मृत्युपत्रं म्हणजे दोनदा फी, हे आधी सांगितलंच नाही, साडेतीन हजार धरून गेलो न् सात हजार मोजले. टायपिस्टने पोरीची जन्मतारीख चुकवली, पोराच्या नावातला काना खाल्ला, म्हणून सहीआधी प्रत्येक ओळ स्वतः वाचा. साक्षीदार दोन लागतात, आम्ही यांचे दोन सहकारी नेले. रजिस्ट्री सक्तीची नाही, स्टॅम्प ड्युटी लागत नाही, आम्ही मात्र दुय्यम निबंधकाकडे फोटो-अंगठा देऊन करून टाकली, नंतर कोणी खोटं म्हणायला नको.

आधार आणि जन्मदाखल्याच्या झेरॉक्स घरूनच न्या. ऑफिसखाली झेरॉक्सवाला आहे, पण लाईट गेली की तोही हात बांधून बसलेला असतो.